हमखास प्रवेश, अटी मागील बाजूस

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवण्याचा, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. ते पुरे म्हणाले तरी मी दोनपर्यंत जाऊन थांबलो. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे लिहीत नाही. गोड बोलणारे येऊन गेले, त्यांचा समाचार कलम पाचमध्ये घेतला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात सर्व काही माझ्या मुलीला दिले होते. ती तीन वर्षांपूर्वी वारली. सबब ते मृत्युपत्र मी रद्द करतो. हे एवढे वाक्य लिहायला मला तीन वर्षे लागली, म्हणून हा कागद उशिरा होत आहे.

वकिलांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात, कोणाला काय एवढेच लिहायचे. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितली तेवढीच अक्षरे लिहिली. हे कागद माझे आहेत, इथे मी कारणेही लिहिणार.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सदर वकील व्यवस्थापक म्हणून करतील. ते कामाला हळू आहेत, पण कागद हरवत नाहीत. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. ज्यांना माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलायचे होते त्यांना एकाहत्तर वर्षे वेळ होता.

कलम २. हत्यारे. खारीच्या केसांचे ब्रश, हात टेकवायची काठी, खडूची दोरी, वर्ख उचलायचा रुंद ब्रश आणि सोनेरी वर्खाच्या पानांची न उघडलेली दोन पुस्तके मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना द्यावीत. त्यांनी मला दोनदा विचारले होते की एखाद्या दुपारी येऊन मुलींना अक्षर कसे उभे करतात ते दाखवाल का. मी वेळ नाही म्हणालो. वेळ होता.

लांब शिडी समोरच्या फ्लेक्सवाल्याला. त्याने माझा धंदा बुडवला असे लोक म्हणतात. ते खरे नाही. धंदा लोकांनी बुडवला, त्याने फक्त यंत्र आणले. त्याच्या पाट्या दोन उन्हाळ्यांत फिक्या पडतात आणि लोक पुन्हा त्याच्याकडेच जाऊन नवीन करून घेतात, याला तो चांगले चालले आहे असे म्हणतो. ही शिडी सहा वर्षांपूर्वी तो "संध्याकाळी आणून देतो, काका" म्हणून घेऊन गेला. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. शिडी मी त्यालाच देतो, म्हणजे निदान माझ्या मागे त्याच्यावर चोरीचा आळ राहणार नाही.

हत्यारांच्या ओघात हमीबद्दल लिहिणे जरूर आहे. माझ्या पाटीला मी पाच वर्षांची हमी देत असे. पाच वर्षांत रंग उडाला, पोपडा आला, तर मी जाऊन फुकट रंगवून देत असे. ऊन जास्त लागले का, मालकाने पाटी नीट पुसली का, पोरांनी चेंडू मारला का, हे मी कधी विचारले नाही. हमी म्हणजे हमी, तिला मागची बाजू नसते, अशी माझी समजूत होती. या समजुतीने काय करून ठेवले ते पुढे येईल.

कलम ३. थोरले बंधू. माझे भिंग त्यांना द्यावे. कारण पुढीलप्रमाणे.

माझ्या मुलीला आम्ही ठिपकी म्हणत असू. लहानपणी ती रंगाच्या डब्यांभोवतीच असायची आणि अंगावर कुठे ना कुठे एक ठिपका घेऊन जेवायला बसायची. एकदा रस्त्याने जाताना तिने मला विचारले, "बाबा, सगळ्या पाट्यांवरचा लाल रंगच आधी का उडतो?"

"उन्हाने."

"मग निळ्याला ऊन लागत नाही?"

पुढे ती रसायनशास्त्राकडे वळली ती या प्रश्नामुळे. चोवीस वर्षांपूर्वी तिला विद्यापीठाचे पत्र आले. जाड कागद, वर शिक्का. "अभिनंदन! आपल्या गुणांच्या आधारे आपला प्रथम वर्षाचा प्रवेश हमखास झाला आहे. त्यासोबत आपणांस चार वर्षांसाठी नूतनीकरणीय शिष्यवृत्ती प्रदान करण्यात येत आहे." मी ते पत्र दुकानात टांगून ठेवणार होतो. तिच्या आईने टांगू दिले नाही.

संध्याकाळी थोरले बंधू आले. खुर्चीत बसून त्यांनी पत्र वाचले आणि उलटे केले.

"मागे बघितलंस का?"

"काय आहे मागे?"

"बारीक अक्षरात काहीतरी आहे. वाच."

"दादा, हमी दिलीय त्यांनी. लेखी. शिक्का आहे वर."

"अरे, शिक्का पुढे आहे. अटी मागे आहेत."

"तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही," असे मी त्यांना म्हणालो आणि पत्र हातातून काढून घेतले. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "तरी मी म्हणत होतो." हेच ते ठिपकीच्या लग्नात म्हणाले. तीन वर्षांपूर्वी तिचे सगळे संपल्यावर आम्ही दवाखान्याचा जिना उतरत होतो, तिथेही त्यांनी ते काढले, जणू शिष्यवृत्ती राहिली असती तर रक्ताचा आजार झाला नसता. ते खरोखरच तसे म्हणाले होते, आणि नेमके हेच मला त्यांना माफ करता येत नाही. भिंग चांगले आहे, परदेशी काचेचे. त्यांनी त्याहून जास्त मागू नये.

कलम ४. विद्यापीठ.

ठिपकीची तुकडी ही त्या शिष्यवृत्तीची पहिली तुकडी. विद्यापीठाने मुख्य इमारतीच्या जिन्यापाशी गुणवंतांचा फलक लावायचे ठरवले आणि काम माझ्याकडे आले. काळी लाकडी फळी, बत्तीस नावे सोनेरी वर्खात, प्रत्येक नावापुढे चार वर्षांच्या चार चौकटी. शिष्यवृत्ती चालू राहिली की दर वर्षी त्या चौकटीत एक सोनेरी चांदणी. पहिल्या वर्षाची चांदणी सर्वांना लगेच लावायची होती. सत्ताविसावे नाव माझ्या मुलीचे होते.

वर्खाचे काम करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. एका पुस्तकातला वर्ख दुसऱ्या पुस्तकातल्याशी जुळत नाही. एक पिवळट असतो, एक तांबूस. चार वर्षांत चार वेळा लावलेल्या चांदण्या चार घरांतून आणल्यासारख्या दिसतात. बाकी एकतीस जणांचे काय व्हायचे ते होवो, माझ्या मुलीची ओळ मला एकसारखी हवी होती. म्हणून तिच्या चारही चांदण्या मी एकाच दिवशी, एकाच पुस्तकातून लावल्या. त्यांवर वार्निश दिले. ते वाळल्यावर पुढच्या तीन चांदण्यांवर पाण्याने निघणाऱ्या काळ्या रंगाचा हात दिला, तो फळीत बेमालूम मिसळला. दर वर्षी जायचे आणि ओल्या फडक्याने एक पुसून घ्यायची, असा माझा बेत होता. हमीच होती, तेव्हा आगाऊ लावण्यात गैर काय, असे मला वाटले. ही गोष्ट मी ठिपकीलाही सांगितली नव्हती. आता सांगायला ती नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसऱ्या सत्रात माझी पत्नी अंथरुणाला खिळली. दवाखान्यात सकाळी मी बसायचो, दुपारी ठिपकी. तिचे पाच विषय होते आणि पाचव्याचे प्रयोग नेमके दुपारी. ती खिडकी क्रमांक चारवर गेली.

"एक विषय पुढच्या वर्षी घेतला तर चालतो का?"

"चालतो की. हा फॉर्म भरून द्या."

तिने भरून दिला. खिडकीतली बाई खोटे बोलली नाही. प्रवेशाच्या नियमाने एक विषय पुढे ढकलणे चालत होते. शिष्यवृत्तीची खिडकी नऊ, ती कोपऱ्यावरून वळून गेल्यावर. चारला नऊचे माहीत नसते आणि नऊला चारचे. दोन्ही ठिकाणी विचारावे लागते, हे विचारणाऱ्याला आधी माहीत असावे लागते. याला ते विद्यार्थ्याने जबाबदार होणे म्हणतात.

चार विषयांत तिला सरासरी अठ्ठ्याऐंशी गुण पडले. परीक्षेच्या आधी नऊ दिवस तिची आई वारली होती. मग पत्र आले. कागद तसाच जाड. "पूर्ण विषयभार न घेतल्याने आपली शिष्यवृत्ती नूतनीकरणास पात्र नाही. आपला प्रवेश मात्र हमखास आहे. उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा." म्हणजे हमी त्यांनी मोडली नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दार त्यांनी सताड उघडे ठेवले होते. आत जायला फक्त पूर्ण फी लागणार होती, आणि तेवढे पैसे दवाखान्यात जाऊन बसले होते.

मी स्वतः खिडकी नऊवर गेलो. आत एक चष्मा लावलेला माणूस होता, वयाने माझ्या धाकट्या भावासारखा.

"तिची आई वारली हो, याच सत्रात."

"वाईट झालं, काका. पण सवलतीच्या यादीत मृत्यू हे कारण फक्त विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बाबतीत आहे."

"म्हणजे ती मेली असती तर शिष्यवृत्ती चालू राहिली असती?"

त्याने यादी पुन्हा बघितली. "नाही, बंदच झाली असती," तो म्हणाला. "पण मग अपात्र असा शेरा आला नसता."

हे वाक्य मी तेवीस वर्षे सांभाळून ठेवले आहे. ते मी त्यांना परत करतो.

सबब, विद्यापीठाला मी काहीही ठेवत नाही. माझे सोने त्यांच्या भिंतीवर आधीच आहे. त्या जादा तीन चांदण्यांचे बिल मी लावले नव्हते. त्या अजून काळ्या रंगाखाली शाबूत असणार, काम माझे आहे. त्या कोणी पुसून उघड्या करू नयेत, आणि केल्याच तर शेजारी उभे राहून फोटो काढून माहितीपुस्तिकेत छापू नयेत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मी त्यांना ओळखतो.

कलम ५. विद्यापीठाचा देणगी विभाग. यांनाही काही नाही, पण यांना वेगळे कलम देणे भाग आहे.

विद्यापीठात एकच वर्ष काढलेल्या माझ्या मुलीला हे लोक दर वर्षी "प्रिय माजी विद्यार्थिनी" म्हणून पत्र पाठवत आणि आपल्या मातृसंस्थेचे ऋण फेडा असे सुचवत. ती त्या कागदांना ब्रश पुसत असे. कागद चांगला, रंग शोषून घेणारा. ती गेल्यावर मी त्यांना एका ओळीत कळवले की ती वारली, पत्रे बंद करावीत. उत्तरात दोन ओळींचे सांत्वन आले आणि सोबत एक रंगीत पुस्तिका, मृत्युपत्राद्वारे देणगी कशी द्यावी याबद्दलची. मग एक अधिकारी घरी आला. तिशीचा असेल, बूट चकचकीत. बसल्या बसल्या त्याने पहिल्यांदा छताकडे पाहिले, मग भिंतींकडे, मग माझ्याकडे.

"सर, आम्ही तुमच्या मुलीच्या नावाने कायमस्वरूपी शिष्यवृत्ती सुरू करू शकतो. तुमच्या इच्छेनुसार."

"कसली शिष्यवृत्ती?"

"हमखास प्रवेश आणि नूतनीकरणीय शिष्यवृत्ती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. आमची सर्वांत लोकप्रिय योजना आहे, सर."

"नूतनीकरण कशावर?"

"नेहमीच्याच अटी. ठरावीक सरासरी, पूर्ण विषयभार, मुदतीत अर्ज."

"म्हणजे माझ्या मुलीच्या नावाची शिष्यवृत्ती माझ्या मुलीला मिळाली नसती."

त्याने वही उघडली. "सर, हा मुद्दा मी नोंदवून घेतो," तो म्हणाला, आणि खरोखरच नोंदवून घेतला.

माझ्या मुलीचे नाव कोणत्याही शिष्यवृत्तीला, इमारतीला, बाकाला किंवा झाडाला देण्यास माझी लेखी मनाई आहे.

कलम ६. हे कलम कोणालाही काही देत नाही. वकील म्हणाले गाळा. गाळत नाही.

विषय पुढे ढकल असे ठिपकीला मी सांगितले. ती खिडकीवर गेली ती माझ्या सांगण्यावरून. दवाखान्यातल्या बाकावर आम्ही दोघे बसलो होतो, तिच्या मांडीवर वही होती.

"बाबा, होतील माझे पाच. पहाटे उठून करीन."

"कशाला जीव काढतेस? हमी आहे ना? आईजवळ बस."

"पण मागच्या बाजूला काहीतरी लिहिलंय म्हणे. काका म्हणत होते."

"तुझे काका काहीही म्हणतात."

तिने माझे ऐकले. इतकी वर्षे मी खिडकी चारला, नऊला, कुलसचिवांना आणि त्या जाड कागदाला जे काही बोलत आलो, त्यात ही गोष्ट मी कधी येऊ दिली नाही. ते बोलत असताना ठिपकी समोर बसून ब्रश धूत असायची. तिने एकदाही "तुम्हीच सांगितलंत" असे म्हटले नाही. एकदा फक्त म्हणाली, "बाबा, पुरे आता. आईजवळ बसले ते बरंच झालं." ती पुढे रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना छटा जुळवून देण्याच्या कामाला लागली. लालाचे उत्तरही तिने तिथेच, मिळतील ती पुस्तके वाचून शोधले. लाल रंग उन्हातला सगळ्यात जोरकस भाग स्वतःत ओढून घेतो, म्हणून आधी संपतो, असे तिने मला गल्ल्यावर उभ्या उभ्या सांगितले. विद्यापीठाने हे तिला चार वर्षांत शिकवले असते की नाही, मला शंका आहे.

या मृत्युपत्रात मी अनेकांना नावे ठेवली आहेत. त्या यादीत पहिले नाव माझे धरावे.

कलम ७. जावई. खालचा दुकानाचा गाळा त्यांना द्यावा. ते ठिपकीच्याच रंगाच्या दुकानात कामाला होते, अजून आहेत. त्यांच्याविषयी माझी एकच तक्रार होती, की ते फार बोलतात. गेली तीन वर्षे ते बोलत नाहीत. ती तक्रार मी मागे घेतो.

कलम ८. नात, म्हणजे ठिपकीची मुलगी, वय सतरा. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, सामानासकट, आणि बँकेतली सर्व बचत.

या कलमात खाडाखोड आहे, तिचा खुलासा करतो. चार महिन्यांपूर्वी नात एक पाकीट पाठीमागे धरून वर आली.

"आजोबा, ओरडणार नसाल तर दाखवते."

जाड कागद मी लांबूनच ओळखला. हमखास प्रवेश, नूतनीकरणीय शिष्यवृत्ती, तेच विद्यापीठ. शिक्का तेवढा आता रंगीत झाला आहे.

"जगात दुसरी विद्यापीठं नाहीत का?"

"आहेत. पण प्रयोगशाळा यांचीच चांगली आहे, त्याला मी काय करू?"

"मागची बाजू वाचलीस?"

"पाठ आहे."

"म्हण."

तिने सातही अटी म्हणून दाखवल्या, पोटकलमांसकट. मग पाकिटातून आणखी एक कागद काढला. घरात कोणी आजारी पडले, कोणी वारले, विषय कमी करावा लागला, तर काय, असे तिने खिडकी नऊवर लेखी विचारले होते. उत्तरही लेखी घेतले होते, सहीशिक्क्यासह. उत्तर होते की अशा वेळी आधी अर्ज केल्यास एका सत्राची सूट विचारात घेतली जाईल. "विचारात घेतली जाईल म्हणजे देतीलच असं नाही," ती म्हणाली. "ते पण मला कळतं."

"तुझ्या आईचं काय केलं त्यांनी, माहीत आहे ना?"

"आईनेच सांगितलंय सगळं. तुमच्यासकट."

ती पत्र पाकिटात घालून खाली गेली.

त्याच आठवड्यात मी या कलमाचा पहिला मसुदा लिहिला. तो असा: "सदर घर व बचत नातीस मिळेल, परंतु तिने सदर विद्यापीठात प्रवेश घेता कामा नये. तसा प्रवेश घेतला नसल्याचा दाखला तिने पंचविशी पूर्ण होईपर्यंत दर वर्षी व्यवस्थापकांकडे सादर करावा. दाखला सादर न झाल्यास तिचा हक्क आपोआप संपुष्टात येईल."

गेल्या मंगळवारी साक्षीदारांना सहीसाठी बोलावले. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात, माझे चाळीस वर्षांपासूनचे मित्र, आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाई. मुळात साक्षीदाराला काही ठेवता येत नाही हे कळल्यावर चष्मेवाले "मग फुकट सही कशाला करू?" म्हणाले होते, तरी आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हे कलम वाचले.

"दर वर्षी दाखला. वा. शेवटची तारीख कुठली?"

"कसली तारीख?"

"दाखला द्यायची. आणि खिडकी किती नंबरची?"

"थट्टा नकोय."

"थट्टा कुठे? छान जमलंय. फक्त ही अट कागदाच्या मागे घे, आणि अक्षर थोडं बारीक कर. पुढे नुसतं अभिनंदन लिही."

नर्सबाईंनी पेन टेबलावर ठेवले. "मी नाही हो यावर सही करणार. पोरीने आई गमावलीय, आणि तुम्ही तिच्याकडून दाखले मागताय? किती वाजता झोपावं तेही लिहा एकदा."

मी रागावलो. दोघांना चहासुद्धा न विचारता जाऊ दिले. नंतर तो मसुदा पुन्हा वाचला. खिडकी नऊमागचा तो माणूस इतकी वर्षे मला दगडाच्या काळजाचा वाटत आला. त्याने निदान दुसऱ्याने केलेले नियम वाचून दाखवले होते. माझे कलम मी एका दुपारी, कोणी न शिकवता, स्वतःच्या नातीसाठी स्वतः तयार केले होते. हमखास आणि नूतनीकरणीय.

ते मी खोडले आहे. वकील म्हणाले नवीन कागदावर स्वच्छ लिहून काढू. मी नको म्हणालो. खोडलेले वाचता येते तसेच राहू द्यावे. खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे.

घर आणि बचत नातीची आहे. ती त्या विद्यापीठात गेली तरी तिची, दुसरीकडे गेली तरी तिची, कुठेच गेली नाही तरी तिची. पास झाली, नापास झाली, मध्येच सोडले, विषय कमी घेतले, घर विकले, तरी तिची. शिष्यवृत्ती बंद पडली तर फी या बचतीतून जावी, चालू राहिली तरी बचत तिचीच. व्यवस्थापकांनी तिच्याकडे कसलाही दाखला मागू नये, कोणतीही मुदत घालू नये, आणि सल्ला द्यायचा मोह झाल्यास माझा खोडलेला मसुदा एकदा वाचावा. या कागदांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत. साक्षीदारांनी प्रत्येक कागद उलटून तशी खात्री केली आहे.

कलम ९. विद्यापीठाविषयी माझे मत बदलले आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. थोरल्या बंधूंनी तर मुळीच काढू नये.

आज दुपारी नात वर आली होती. मी हे लिहीत होतो, तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. उद्या सकाळी तिची नोंदणी आहे.

"येता का बरोबर?"

"येतो."

"एका अटीवर. खिडकीपाशी तोंड उघडायचं नाही."

"नऊच्या?"

"कुठल्याच. मी बोलीन. तुम्ही फाईल धरून मागे उभं राहायचं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचं बघू. नीट वागलात तर नेईन."

अट मी मान्य केली आहे. तिचे नूतनीकरण चारही वर्षे व्हावे, एवढी माझी इच्छा आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, माझ्या हाताने लिहून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. या वेळी चहा दिला आहे.

लिहून ठेवणार: (सही) पाट्या रंगवणारा, वरच्या दोन खोल्या

साक्षीदार:
१. (सही) चष्मेवाले, समोरचे दुकान
२. (सही) निवृत्त नर्स, शेजारचे घर

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा जुलै दोन हजार चोवीस, सायंकाळी पावणेसहा